अपिलाची रजा

काकीनं पेनचं टोपण काढलं आणि कागदावर बोट ठेवून विचारलं, "हितं काय लिवलंय गं?"

वरचा कागद माझ्या हातचा होता. त्याच्याखाली दिल्लीला जाणारं इंग्रजीतलं प्रतिज्ञापत्र होतं आणि काकीला कळावं म्हणून मी त्याचं मराठी करून आणलं होतं. काकी सातवीपर्यंत शिकलेली आहे. हळू वाचते, पण वाचते. तिच्या बोटाखालची ओळ मी मोठ्यानं वाचली, "सर्वोच्च न्यायालयात अपील दाखल करण्यासाठी रजा मिळावी म्हणून हा अर्ज."

"रजा?"

"व्हय."

तिनं टोपण पुन्हा लावलं, पेन माझ्या वहीवर ठेवलं आणि ती उठून परसात गेली. मला वाटलं चष्मा आणायला गेली असेल. बऱ्याच वेळानं मागे जाऊन पाहिलं तर ती वाळत घातलेली हळद हातानं पसरत बसली होती. चष्मा डोळ्यांवरच होता.

"काकी, सही राहिली."

"मी न्हाई करायची," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी तेव्हा साताऱ्यात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे घरात आलेला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्यापुढे येई, मग तो खताच्या पिशवीवरचा असो की बँकेतला. मला सगळं येतं असं घरी धरून चालले होते आणि मला तसं येत नव्हतं. हा कागद मात्र त्या सगळ्यांपेक्षा वेगळा होता. तो दादाचा होता.

दादा म्हणजे काकीचा एकुलता एक मुलगा, माझा थोरला चुलत भाऊ. तो सैन्यात होता. काकीचे यजमान, माझे थोरले चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, तेही सैन्यातूनच हवालदार होऊन रिटायर झालेले. त्याच्या दोन वर्षं आधी दादा सुट्टीवर आला होता. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तो बॅग घेऊन मोटारसायकलवरून निघाला. मोटारसायकल मिरजेत मावशीकडे ठेवायची आणि रात्रीची गाडी पकडायची असं ठरलं होतं. आमच्या पलूसहून मिरजेचा रस्ता सरळ सांगलीवरून जातो. दादा त्या रस्त्यानं गेला नाही. तो तासगाववरून उलट्या बाजूला कवठे महांकाळकडे गेला. तिथल्या एका वस्तीवर त्याच्या तुकडीतल्या मित्राचं घर होतं. मित्राला सुट्टी मिळाली नव्हती आणि त्याच्यासाठी घरच्यांनी विणून ठेवलेलं घोंगडं न्यायचं होतं. ते घेऊन मिरजेकडे येताना उसाच्या ट्रॉलीशी धडक झाली.

पुढे पेन्शनच्या कार्यालयाचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की मृत्यू रजेवर असताना, खाजगी कामासाठी प्रवास करताना झाला, त्यामुळे तो सेवेमुळे झाला असं मानता येत नाही. साधी पेन्शन चालू झाली होती, त्यावर काकीची तक्रार नव्हती. तिची तक्रार त्या एका ओळीवर होती. पत्र आलं त्या दिवसापासून ती एकच म्हणत होती, की पोरगं रजेवर नव्हतं. पोरगं कामावर निघालं होतं.

लष्करातल्या माणसांच्या अशा तक्रारींसाठी मुंबईत वेगळं न्यायाधिकरण असतं. तिथं केस चालली आणि हरली. ते म्हणाले, कामावर परत जातानाचा प्रवास सेवेत धरतो, पण हा माणूस कामाच्या वाटेवर नव्हता, वाट सोडून गेला होता. आता उरलं होतं सर्वोच्च न्यायालय. पण तिथं सरळ जाता येत नाही. आधी विचारावं लागतं, आम्ही येऊ का? न्यायाधिकरणाला विचारलं होतं, त्यांनी नाही म्हटलं. मग तीस दिवसांच्या आत दिल्लीलाच विचारायचं होतं. या विचारण्याला इंग्रजीत 'लीव्ह' म्हणतात.

चूक माझ्याकडून तिथे झाली. कॉलेजच्या पुस्तकात याला अनुमती असा शब्द आहे आणि मला तो माहीत होता, परीक्षेत मी तो लिहिलाही होता. पण कराडला गाडी बदलून पलूसच्या एसटीत बसल्यावर मांडीवर वही ठेवून मी भाषांतर करत होते आणि मनात होतं की काकीला अनुमती कळायचं नाही, सोपा शब्द हवा. लीव्ह म्हटल्यावर हातातून आपोआप रजा उतरलं. आमच्या घरात लीव्हला दुसरा अर्थच नव्हता. तात्यांची लीव्ह लागली, तात्यांची लीव्ह कटली, दादाची लीव्ह सँक्शन झाली, हे ऐकतच मी मोठी झाले. मला त्या ओळीत काही खटकलं नाही. कागद पूर्ण झाल्याचं समाधानच वाटलं.

संध्याकाळी तात्या शेतावरून आले. काकीनं सही केली नाही हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझा कागद घेतला, लांब धरून वाचला.

"मग बरूबर हाय की. लीव्ह म्हंजे रजाच. दुसरं काय लिवायचं व्हतं हिनं?"

"तुमी गप बसा," काकी चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली. "बॅग घिऊन, बूट घालून पोरगं ह्या दारातनं भाईर पडलं. भाईर पडलं तवाच त्याची रजा सपली. त्ये म्हणाले न्हाई, रजेवर व्हता. आनि आता ही माज्याच सहीनं रजा मागाया लावती. सही क्येली म्हंजे मीच कबूल क्येलं न्हवं?"

"आगं ती रजा न्हवं ही. ही येगळी असंल. स्पेशल असंल."

"कसली स्पेशल?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनाच काहीतरी सुचलं. "कंपॅशनेट लीव्ह म्हणून असती. घरात कुणी वारलं की देत्यात."

"कुणाला देत्यात? वारलेल्याला?"

तात्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. मी म्हणाले, "काकी, माझंच चुकलं. रजा न्हाई. परवानगी. आपण दिल्लीला परवानगी मागतोय, की आमचं ऐकून घ्या."

"ऐकून घ्या म्हणायला परवानगी?"

"व्हय."

"चावडीवर जायला न्हाई लागत. बांधाच्या भांडणात तासगावच्या कोर्टात न्हाई लागली. मुंबईत न्हाई लागली."

"दिल्लीला लागते. सगळ्यांचंच ऐकायला त्यांना वेळ पुरणार नाही ना. म्हणून आधी बघतात, ऐकण्यासारखं आहे का."

काकीनं भाकरी उलटली. "सकाळी रजा म्हणालीस, आता परवानगी म्हणतीस. कागद त्योच हाय न्हवं? इंग्रजीत शब्द बदलला काय?"

बदलला नव्हता. इंग्रजीत लीव्ह होतं ते लीव्हच राहणार होतं, आणि तो शब्द काकी ओळखत होती. दादाच्या सुट्टीच्या पत्रावर वरती तोच छापलेला होता. ते पत्र तिच्या पेटीत होतं. तिनं ते काढून आणलं आणि माझ्या इंग्रजी कागदाशेजारी धरून एकेक अक्षर जुळवून पाहिलं. जुळलं.

"बघ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी सही न घेताच साताऱ्याला परतले. मुदतीला अकरा दिवस राहिले होते.

आमचे वकीलसाहेब साताऱ्यात बसतात. ते स्वतः सैन्यात कारकून होते, निवृत्तीनंतर वकील झाले आणि बहुतेक सैनिकांच्याच केसेस घेतात. दिल्लीत कागद दाखल करणारे वकील त्यांच्या ओळखीचे होते. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी मला मराठी कागदांचा गठ्ठा दिला होता. दिल्लीत मराठी चालत नाही, म्हणून पंचनामा, जबाब, सगळं इंग्रजीत करायचं. शिवाय प्रतिज्ञापत्र काकीला मराठीत समजावून सांगायचं आणि शेवटी त्याखाली मी लिहून द्यायचं: वरील मजकूर मी अर्जदारास मराठीत वाचून व समजावून सांगितला असून तो त्यांना समजला आहे. खाली माझं नाव, माझी सही. कोर्टाच्या कागदावर माझी सही पहिल्यांदाच जाणार होती. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता, हे लपवत नाही.

आता वकीलसाहेबांचा रोज फोन येऊ लागला. "झाली का सही?"

"या रविवारी होईल, सर."

"अडचण आहे का काही?"

"नाही सर."

अडचण काय आहे हे मला त्यांना सांगता येईना. एका शब्दामुळे अडलंय असं सांगितलं तर ते हसतील आणि तो शब्द माझा आहे हे कळलं तर पुढचं काम देणार नाहीत, अशी भीती होती. वर्गात बसले तरी लक्ष लागेना. हॉस्टेलच्या जेवणघरात ताट घेऊन बसायची आणि अर्ध्यावर उठायची. सर संविधानातली कलमं शिकवत होते, कुणाला कुठल्या दारानं जाता येतं ते फळ्यावर काढत होते. मी वहीत ते उतरवत होते आणि मनात हिशेब चालू होता. आज नऊ. आज आठ. कागद कुरिअरनं गेले तर दोन दिवस जातील. दुरुस्ती निघाली तर आणखी.

मध्येच तात्यांचा फोन आला. आवाज हळू करून बोलत होते, म्हणजे काकी जवळपास असणार.

"पोरी, तू काळजी करू नगं. मी घेतो तिची सही. माज्यापुढं न्हाई म्हणायची न्हाई ती. तू खाली तुजं नाव टाक आनि मोकळी हो."

"पण तात्या, मी लिहून देणार की तिला समजलं म्हणून."

"समजलंच की. लय समजलंय तिला. म्हणून तर न्हाई म्हणती."

मी हसले, आणि फोन ठेवल्यावर मला ते पटलंही. सही होऊन जाईल. वर्षभरानं केस जिंकली तर काकीच म्हणेल, बरं झालं. मी 'समजला आहे' लिहिलं तर तपासणार कोण? एक पूर्ण दिवस मी हेच मनात घोळवलं. मी काही फार खरी मुलगी आहे असं नाही, कॉलेजात हजेरी मीही दुसऱ्यांची लावली आहे. पण दादाचं पत्र शेजारी धरून अक्षर जुळवणारी काकी डोळ्यांपुढून जाईना. शनिवारी सकाळी मी तास बुडवून गाडी पकडली. तात्यांना फोन करून सांगितलं की मी येईपर्यंत सही घेऊ नका. ते म्हणाले, "ये बाई, तुजी तू बघ."

रविवारी सकाळी तात्या उसाला पाणी पाजायला गेले. घराच्या पुढच्या सोप्यात मी आणि काकी दोघीच. मी तिला म्हणाले, "तू सही करू नकोस. फक्त ऐक. सगळं वाचते."

"आपल्या बोलीत वाच," ती म्हणाली. "त्ये सरकारी नगं."

मी सुरुवातीपासून वाचू लागले, इंग्रजी कागद बघत आणि तोंडानं घरचं बोलत. हे मी आधी का केलं नाही कोण जाणे. तिचा मुलगा कवा भरती झाला, कुठं कुठं होता, सुट्टी किती दिवसांची होती. ती मध्ये मध्ये मान हलवत होती. एक ठिकाणी म्हणाली, "भरतीची तारीक चुकली," आणि ती खरंच चुकली होती. मी पेन्सिलनं खूण केली.

मग अर्जातला मुख्य परिच्छेद आला. दिल्ली असं ऐकून घेत नाही की आमच्यावर अन्याय झाला. तिथं सांगावं लागतं की या केसमध्ये कायद्याचा असा प्रश्न आहे, जो सगळ्यांच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे. मी ते सांगितलं.

"मंजे माज्या पोराचं मरण बाकीच्यांच्या कामाचं हाय, असं लिवलंय?"

वकीलसाहेबांनी तसं म्हटलं नसतं. पण अर्थ तोच होता. "तसंच म्हण."

"हाय का कामाचं?"

मी म्हणाले, "सुट्टी संपवून रोज किती जण कामावर जात असतील. एखादा वाटेत बहिणीला भेटतो, एखादा देवाला जातो. त्यांचं काही झालं तर ते कामावर की रजेवर, हे एकदा ठरलं तर त्यांच्या आयांना असं भांडत बसावं लागणार नाही."

तिनं पदर सावरला. मला वाटलं आता ही उठून जाणार.

"मग त्ये ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्ये बरूबर लिवलंय."

पुढे पंचनामा होता. तो तिनं कधीच ऐकला नव्हता. तो कागद तात्यांनी तिच्यापासून लांब ठेवला होता आणि मीही भाषांतर करताना तो शेवटाला ठेवला होता. मी विचारलं, "हे सोडू का?" ती म्हणाली, "का म्हणून? सगळं वाच म्हणलं न्हवं?"

पोलिसांच्या मराठीत लिहिलं होतं की मोटारसायकल पश्चिमेस तोंड करून पडलेली मिळून आली. लगत रस्त्यावर काळे घोंगडे मिळून आले.

"पश्चिमेला मंजे कुठं?"

"मिरजेकडं."

"मिरजेकडंच ना?"

"व्हय. कवठे महांकाळ मागं राहिलं होतं."

"मग वाट सोडली म्हणत्यात त्ये कसं? वाटंला लागला व्हता की."

हे आमच्या अर्जात होतं, पण तिसऱ्या पानावर, एका लांब वाक्याच्या पोटात. काकीनं ते एका दमात काढलं. मी पुन्हा खूण केली, हे वर घ्यायला सांगायचं म्हणून. मला आता वाटू लागलं होतं की सही होईल. मग त्याच पानावरचं पुढचं वाक्य मी वाचलं. खाजगी कामासाठी तो कवठे महांकाळला गेला असला तरी, असं ते सुरू होत होतं.

"खाजगी कुणाचं?"

"असं समोरचे म्हणतात. आपण म्हणतोय, असलं तरी."

"पर लिवलंय आपुन."

"व्हय."

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, पण परत लावला नाही. "मी पाठिवलं त्याला," ती म्हणाली.

मला आधी नीट कळलं नाही.

"त्या पोराच्या आईनं मला फोन केलता. येका टायमाला दोगास्नी सोडत न्हाईत म्हणं. तुमचं आलं म्हणून आमचं ऱ्हायलं, म्हणाली. भांडली न्हाई, नुसतं सांगितलं. घोंगडं इनून ठिवलंय, तितं थंडी लय हाय म्हणाली. मी ह्याला म्हणलं, जा, घिऊन ये. ह्यो म्हणतुया, आई टाइम न्हाई, पार्सल करा म्हणावं. मी म्हणलं, तुज्यामुळं त्या बाईचं पोरगं आलं न्हाई, तुला येवढं हुईत न्हाई? रागावले मी. मग गेला."

परसात कोंबड्या हळदीवर चढल्या होत्या. ती उठली नाही, मीही नाही.

"तात्यांना माहीत आहे?"

"न्हाई. त्यास्नी वाटतं, दोस्तीच्या नादानं गेला. मी बी तसंच ऱ्हाऊ दिलं." मग म्हणाली, "आता ह्ये लिव. आईनं पाठिवलं म्हणून गेला. स्वताच्या कामाला गेला न्हाई. मग करती सही."

मी अंगणात जाऊन वकीलसाहेबांना फोन लावला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. रजेच्या शब्दापासून सगळं सांगितलं. ते हसले नाहीत.

"हे घालता येणार नाही," ते म्हणाले. "खाली जे आलं नाही ते आता नव्यानं आणता येत नाही. अपिलाची परवानगी मागताना खालच्या कागदांवरच मागायची."

"सर, पण खरं आहे ते."

"असेल. खरं असलं म्हणून काय झालं? आणि घातलं तर आपणच बुडालो. आईनं पाठवलं म्हणजे घरचं काम. घरचं म्हणजे खाजगी. समोरच्यांना हेच तर हवंय."

ते बरोबर बोलत होते आणि त्याचाच मला राग आला. मी म्हणाले, "मग निदान खाजगी हा शब्द तरी आपण लिहू नये, सर. तो त्यांचा शब्द आहे."

"आपण लिहिलाय?"

"तिसऱ्या पानावर."

कागद चाळल्याचा आवाज आला. "मीच लिहिलाय की," ते म्हणाले. "बरं. त्या मित्राचा जबाब आहे ना आपल्याकडं? तुकडीतल्या सहकाऱ्याचे घोंगडे घेण्यासाठी, एवढंच घालतो. ते रेकॉर्डवर आहे. आणि पश्चिमेचं वर घेतो. दुपारपर्यंत नवं पान पाठवतो. पण सही उद्या झालीच पाहिजे."

आत जाऊन मी काकीला जसंच्या तसं सांगितलं. तिनं पाठवलं ते लिहिता येणार नाही, हे आधी सांगितलं. का नाही तेही सांगितलं, घरचं आणि खाजगी हे कोर्टात एकच, असं. सांगताना मला लाज वाटत होती, कशाची ते नीट सांगता येत नाही. मी काही कायदा केला नव्हता. पण तिच्यापुढे त्या कायद्याकडून बोलणारी मीच होते. खाजगी हा शब्द निघाला हे शेवटी सांगितलं.

"येक निघाला," काकी म्हणाली. "आनि त्यो लीव्ह?"

"तो नाही निघायचा. तो त्यांचा ठरलेला आहे."

"मराठीत तरी रजा काढ. परवानगी बी नगं. परवानगी मंजे शाळंत लगवीला जायला मागत्यात त्ये." तिनं जरा विचार केला. "मुभा म्हण. बोलायची मुभा."

मी माझ्या कागदावरचं रजा खोडून त्यावर मुभा लिहिलं. तात्या दुपारी आले, जेवताना त्यांनी कागद पाहिला. "मुभा," ते म्हणाले. "आर्मीत हा शब्द न्हाई." काकी म्हणाली, "म्हणून तर घातला."

दादाला कुणी पाठवलं हे तिनं त्यांना त्या दिवशी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी सांगितलं नाही.

सोमवारी आम्ही तिघं तासगावला गेलो, नोटरीकडे. त्यांच्याकडे गर्दी होती, बेदाण्याचे व्यापारी करारनामे घेऊन बसले होते. आमचा नंबर आला तेव्हा नोटरींनी भराभर पानं उलटली आणि माझा मराठी कागद बघून थांबले.

"मुभा? अनुमती लिहा की. कायद्यात अनुमती आहे."

"हा कागद दिल्लीला जाणार नाही, सर," मी म्हणाले. "हा फक्त त्यांना समजण्यासाठी आहे."

त्यांनी काकीकडे पाहिलं. "सगळं समजलं ना मावशी? काय लिहिलंय ते?"

"समजलं," काकी म्हणाली. "येक सोडून."

"काय?"

"त्ये हिला म्हाईत हाय."

नोटरींना ती गंमत वाटली. ते हसले आणि रजिस्टर पुढे सरकवलं. काकीनं सगळ्या पानांवर सही केली, सावकाश, प्रत्येक वेळी तेवढीच अक्षरं. मग पेन माझ्याकडे आलं. तो त्यांना समजला आहे, या ओळीखाली मी सही केली. तिला समजला होता हे खरं होतं. पण कागदात तिचं म्हणणं आलं होतं का, असं त्या ओळीत कुणी विचारलं नव्हतं.

अर्ज मुदतीत गेला. पहिल्या तारखेला समोरच्यांना नोटीस निघाली. मग काही महिने काहीच नाही. मी तिसऱ्या वर्षाला गेले. एके दिवशी कँटीनमध्ये असताना वकीलसाहेबांचा फोन आला, की परवानगी मिळाली, आता अपील रीतसर चालेल. एवढं सगळं कोर्टात दोन मिनिटांत झालं म्हणाले. मी त्याच दिवशी घरी गेले. फोनवर सांगायचं नव्हतं.

काकी हळदीच्या रानात खुरपत होती. मी बांधावरूनच सांगितलं.

"मंजे जिकलो?"

"नाही. आता ऐकणार आहेत."

"कवा?"

"माहीत नाही. वर्ष जाईल, दोन जातील."

तिनं मान हलवली आणि पुढची ओळ धरली. मी चपला काढून तिच्या शेजारच्या ओळीत बसले. थोडं पुढे गेल्यावर तिनं हात न थांबवता विचारलं, "ऐकाया लागतील तवा, मी पाठिवलं त्ये सांगायचं का गं?"

"वकीलसाहेबांना विचारते," मी म्हणाले.

मी अजून विचारलेलं नाही. ते काय म्हणतील हे मला ठाऊक आहे, आणि बहुतेक काकीलाही. सुट्टीत घरी गेले की ती केसचं विचारते, तारीख विचारते, न्यायाधीश किती असतात ते विचारते. तो प्रश्न पुन्हा विचारत नाही. मी मात्र दर वेळी गाडीतून उतरताना तो आता येईल म्हणून उत्तर जुळवत असते, आणि पलूसच्या स्टँडवरून घरापर्यंत पोचेतो ते दोनदा तरी बदलतं.